आधी पाहून घेऊ, मंग भिऊ

सुखदेवकाका स्वतःच्या लग्नाला दोनदा गेले होते. दुसऱ्यांदा घोडीवर बसून, वाजतगाजत, चारचौघांसारखे. पण त्याच्या आठवडाभर आधी ते एकटेच, डोक्याला टॉवेल गुंडाळून, बैल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणून धनजला सासऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. जानोसा, म्हणजे वऱ्हाडाचा उतारा, कुठे असणार, तिथून मांडव किती लांब, वाटेत कुत्री आहेत का, घोडी कोणाची आणि ती लाथ मारते का, हे सगळं त्यांना लग्नाआधी डोळ्यांनी पाहून घ्यायचं होतं. सासऱ्यानं जावयाला पहिल्या नजरेत ओळखलं. माणूस मोठा सज्जन. त्यानं ओळख दाखवली नाही. चहा पाजला, बैलाचे दात दाखवले, भाव सांगितला, आणि काकांनी 'घरी इचारून सांगतो' म्हणून पळ काढला. वच्छलाकाकू ही गोष्ट आजही पाहुण्यांना रंगवून सांगतात. काका तेव्हा मान खाली घालतात, पण हरत नाहीत. "मंग? घोडी लाथ मारत होती. बदलली का नाही?" म्हणतात.

मी आसेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. काकांच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे काकांची ही खोड मी बरीच वर्षं जवळून पाहतो आहे. नाटकवाले नाटकाची रंगीत तालीम करतात. काका आयुष्याची करतात. जऊळक्याला भाचीचं लग्न निघालं की काका आधी एकदा जऊळक्याला जाऊन स्टेशनपासून लग्नाच्या हॉलपर्यंत चालून येतात. संडासाची कडी लागते का, आणि लागलीच तर परत उघडते का, हे आत शिरून तपासतात. मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा तिच्याआधी हेच पहिलीच्या वर्गात मांडी घालून बसून आले. बाईंनी हजेरी घेतली तेव्हा सवयीनं यांनीही 'हजर' म्हटलं. दर मतदानाच्या आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन 'बटन कसं दाबतेत तेवढं पाहू द्या' म्हणून विनवतात, आणि दर वेळी पोलीस त्यांना हाकलतो.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं. "आधी पाहून घेऊ, मंग भिऊ."

पाहून झाल्यावर ते भितातच, यात शंका नको. मी एकदा म्हटलं, काका, भ्यायचंच आहे तर एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाले, "न पाहता भेलो तं कायले भेलो हेच समजत नाही ना गुरुजी. पाहून भेलो म्हनजे नेमकं भेता येते."

भिण्यात काकांनी कधी भेदभाव केला नाही. कुत्री, लिफ्ट, कुकरची शिटी, वरून जाणारं विमान, अनोळखी नंबरावरून आलेला फोन, सगळ्यांना ते सारखाच मान देतात. देवाला तर सगळ्यांत जास्त भितात. वाशिमच्या बालाजीपुढे उभे राहिले की आपल्याकडून काही चुकलं तर नाही ना, म्हणून आजूबाजूच्या लोकांचे हात पाहून हात जोडतात. मंगरुळपीरच्या दर्ग्यात गेले की डोक्यावर रुमाल, कानामागे हिना अत्तर, आणि बाहेर येताना पीरबाबाला पाठ दिसू नये म्हणून उलटी पावलं टाकतात. त्या उलट्या पावलांत एकदा चादरवाल्याच्या मांडीवर बसले होते.

वच्छलाकाकूंचं सगळं याच्या उलट. घरात विंचू निघाला की काका खाटेवर आणि काकू चप्पल घेऊन विंचवामागे. वावरात साप दिसला तर आसपासची माणसं काकूंनाच हाक मारतात. पण गेल्या वर्षीपासून काकू अंगण झाडता झाडता मध्येच थांबायला लागल्या. एका हातात झाडू तसाच, दुसरा हात आमच्या भिंतीवर. "काही नाही गुरुजी, जराशीक दम घेऊन राह्यली," म्हणायच्या. मग तपासण्या झाल्या, अकोल्याचे डॉक्टर झाले, शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की काळजातली एक झडप निकामी झाली आहे, छाती उघडून ती बदलावी लागेल. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुरीच्या आधी का तुरीच्या नंतर?" काका मात्र खुर्चीतून घसरले. त्या दिवशी पहिली सलाईन त्यांनाच लागली.

त्यानंतर काका अर्थातच नागपूरला तालमीला गेले. एसटीनं, एकटे, डबा घेऊन. कुठल्या खिडकीवर कागद द्यायचे, पिण्याचं पाणी कुठे, कुठल्या बाकड्यावर पंख्याचं वारं येतं, सगळं पाहिलं. वॉर्डातल्या एका माणसाला गळ घालून स्वतः स्ट्रेचरवर आडवे झाले आणि ऑपरेशनच्या दारापर्यंत स्वतःला ढकलत न्यायला लावलं. परत आल्यावर काकूंना त्यांनी काय सांगितलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. "वरचे दिवे एकामांग एक मांग जातेत. लय बेकार दिसते थे. तू डोये मिटून घेजो."

पण ऑपरेशनच्या दाराच्या आत त्यांना कोणी जाऊ दिलं नाही. त्यांनी विनवण्या केल्या. रिकामी असेल तेव्हा पाहतो म्हणाले, चपला बाहेर काढतो म्हणाले, हात लावत नाही म्हणाले. पहारेकरी एवढंच म्हणाला, "काका, इथून पुढं पेशंट एकटा."

हे त्यांनी मला भिंतीपाशी उभं राहून सांगितलं. लग्नाच्या मांडवापासून काकूंनी जिथे जिथे पाय ठेवला, तिथे तिथे हा माणूस आधी जाऊन आला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काकू अशा ठिकाणी जाणार होत्या जे काकांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांना नेमकं भिता येत नव्हतं. ते दिवसभर अंगणात नुसते येरझारा घालायचे आणि काकू चुलीपाशी बसून त्यांना हाका मारायच्या.

अशातच एका सकाळी ते भिंतीपाशी आले. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, धनजच्या अलीकडं इंग्रजाचं देऊळ हाय पाहा. थे जुनं चर्च. तुमच्या काकूले ऑपरेशनाच्या आधी आतून पाहाचं हाय म्हनते. माहेरच्या रस्त्यावर हाय ना, लहानपनापासून नुसतं भाईरूनच पाह्यलं तिनं. तं आपन आधी पाहून येऊ. पन तिले सांगू नका. फवारनीची दवाई आनाले कारंज्याले चाललो म्हनून मी सांगतलं."

मला काय, आनंदच झाला. जुन्या वास्तू पाहत हिंडायची मला हौस आहे, आणि आपण फार निर्भय प्रवासी आहोत अशी माझी समजूत आहे. हे चर्च कधीपासून मनात होतं. इंग्रजांच्या काळात कापसाच्या व्यापारासाठी आलेल्या साहेबलोकांनी ते स्वतःपुरतं बांधलं. अँग्लिकन पंथाचं, म्हणजे खुद्द इंग्लंडात जशी चर्चं असतात त्या वळणाचं. साहेब गेले, त्यांचे बंगले गेले, जिनिंगचे पत्रेसुद्धा लोकांनी नेले. चर्च राहिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या गाडीतून निघालो. काकांच्या पिशवीत नारळ होता, मेणबत्त्या होत्या, अगरबत्ती, उन्हासाठी कांदा, अंधारासाठी बॅटरी आणि विहिरीत कोणी पडलं तर काढायला दोर. विहीर आहे का, मी विचारलं. "थेच तं माहीत नाही," काका म्हणाले. मंगरुळपीर ओलांडलं, कारंजा ओलांडलं. समोरून ट्रक आला की काका पायानं नसलेला ब्रेक दाबायचे आणि म्हणायचे, "गुरुजी, ट्रक." मला ट्रक दिसतो, असं मी सांगितलं. "दिसला तं बरं. पन सांगितलेलं चांगलं." मध्येच त्यांनी विचारलं, "त्या देवाले चपला चालतेत काय?" चालतात, म्हटलं. "अन् नारळ?" नारळाचं मला खात्रीनं माहीत नव्हतं. काका खिडकीबाहेर पाहू लागले. उभ्या तुरीच्या ओळी मागे जात होत्या.

सडक सोडून आत वळलो आणि माझा निर्भयपणा थोडा खाली बसला. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये चाकोरीचा रस्ता, आणि माणसाचा पत्ता नाही. मग एकदम चर्च समोर आलं. काळ्या दगडाचं, उतरत्या कौलांचं, टोकदार अरुंद खिडक्यांचं. दारावर उंच कमानीत एक घंटा. बाजूला कबरस्तान, त्यातले क्रूस कोणी पुढे, कोणी मागे कललेले. पक्षीसुद्धा ओरडत नव्हता. नुसता एक घुमणारा आवाज येत होता, जमिनीतून यावा तसा.

काकांनी फाटकाशीच चपला काढल्या. डोक्यावर रुमाल बांधला. कानामागे अत्तर त्यांनी घरूनच लावून आणलं होतं. दर्ग्याचे सगळे नियम पाळून ते अनवाणी चालायला लागले, आणि घुमणारा आवाज वाढला.

"थांबा तिथंच," कोणीतरी बाईनं दरडावलं. "हालू नका. अत्तर लावून आले काय?"

मी वर पाहिलं. घंटेच्या कमानीला आग्या मोहोळ लटकत होतं, चांगलं सुपाएवढं, आणि त्याची काळी कड हलत होती. मी उचललेला पाय तसाच मागे ठेवला. काकांचं विचाराल तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि बालाजी, पीरबाबा, जो आठवेल त्याला बोलावत होते. बाई हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन सावकाश आली, काकांचा हात धरून त्यांना मागच्या हापशावर घेऊन गेली आणि म्हणाली, "धुवा कान. चांगले घासून धुवा. माशाईले वास खपत नाही." सुखदेवकाका हापशाखाली मान घालून बसले आणि मी हापसलं. कान धुऊन झाले तरी मी हापसतच होतो.

ही रूथबाई. चर्चची देखभाल करते, बाजूच्या दोन खोल्यांत राहते. सुती पातळ, पांढरे केस, बोलणं आपलं वऱ्हाडी. महिन्यातून एकदा अमरावतीकडून फादर येतात, आसपासच्या पाचसात घरची माणसं जमतात, बाकी दिवस ती आणि मोहोळ. काका तिच्याकडे डोळे विस्फारून पाहत होते. "तुमी तं आपल्यासारख्याच बोलता," म्हणाले. "मंग काय इंग्रजीत बोलू?" बाई म्हणाली आणि मागचं बारकं दार उघडून आम्हाला आत घेतलं.

आत अंधार आणि गारवा. बिजागऱ्या अशा कुरकुरल्या की काकांनी माझ्या सदऱ्याचं टोक धरलं. रूथबाईनं खुणेनं त्यांना डोक्यावरचा रुमाल काढायला सांगितलं. "इथं माणसं डोकं उघडं ठेवतेत." काकांचा चेहरा पडला. दर्ग्यात झाकायचं, इथे उघडायचं, म्हणजे आत शिरल्या शिरल्या पहिली चूक झालीच.

हळूहळू दिसायला लागलं. लाकडी बाकांच्या रांगा. रंगीत काचेची एक खिडकी, तिच्यातून लाल उजेडाचा तुकडा जमिनीवर पडलेला. समोर उंचावर साधा पितळी क्रूस. मूर्ती नाही, फोटो नाही, फूल नाही. "देव कुठी हाय?" काकांनी माझ्या कानात विचारलं. आणि त्याच वेळी त्यांना गरुड दिसला.

खरोखरच गरुड होता. पितळेचा, पंख पसरलेला, खांबावर बसलेला. अशा चर्चमध्ये तो असतो. त्याच्या पंखांवर बायबल ठेवतात आणि मागे उभं राहून वाचतात. मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण काका बालाजीचे भक्त, त्यांनी गरुड पाहिलेला तो देवाकडे तोंड करून हात जोडून बसलेला. हा गरुड देवाकडे पाठ करून आमच्याकडे पाहत होता.

"गुरुजी," काका कसेबसे म्हणाले, "हा देवाकडं नाही पाहून राह्यला. आपल्याकडं पाहून राह्यला."

मी समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. त्यांनी गरुडाला लांबूनच हात जोडले आणि त्याची नजर चुकवत भिंतीच्या कडेनं सरकू लागले. भिंतीवर संगमरवरी पाट्या बसवलेल्या होत्या, त्यांवर इंग्रजी अक्षरं कोरलेली. त्या पाहून काकांना जरा धीर आला. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर, बाकांवर, पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगी देणाऱ्याचं नाव असतं, तसंच हे असणार. "वाचा बरं, कोनं काय काय देलं?" म्हणाले.

मी पहिली पाटी वाचली आणि पुढच्या पाटीकडे वळलो. त्या देणगीच्या पाट्या नव्हत्या. मेलेल्या माणसांच्या होत्या. काका मागेच लागले, म्हणून सांगावं लागलं. हा एक अधिकारी, पटकीनं गेला. ही दोन भावंडं, एकाच आठवड्यात गेली. आणि ही एका साहेबाची बायको. इंग्लंडहून आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तापानं गेली. खाली लिहिलं होतं की ही शिळा तिच्या दुःखी नवऱ्यानं बसवली.

काका त्या पाटीपुढे उभे राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते बोटानं अक्षरं चाचपत होते.

"यानं मांगतलं असन ना?" त्यांनी विचारलं. "बायकोसाठी. इथंच बसून मांगतलं असन."

"मागितलं असेल," मी म्हणालो.

"देव याचा. देऊळ यानंच बांधलं. तरी नाही ऐकलं?"

एरवी काकांची मी पुष्कळ थट्टा करतो, पण त्या वेळी मला स्वतःलाच भीती वाटली. काकांनी सांगितलेलं नागपूरचं ते दार, त्यावरचा लाल दिवा, आणि अंगणात झाडू घेऊन भिंतीला टेकलेल्या काकू, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. बाहेर मोहोळ घुमत होतं.

काका वळले आणि सरळ मागच्या दारातून बाहेर गेले. मला वाटलं, संपलं, आता गाडीत जाऊन बसणार. पण ते थोड्या वेळानं परत आले. डोळे लाल होते. रूथबाईजवळ जाऊन त्यांनी विचारलं, "बाई, नागपूरच्या दवाखान्यात सिस्टरबाई हायेत. केरळाकडल्या. त्याईच्या गयात तुमच्या देवाची साखळी असते. थ्या ऑपरेशनच्या खोलीत जातेत. साखळी आत नेऊ देतेत काय?"

"साखळी काढून ठेवाव लागत असन बाप्पा," रूथबाई म्हणाली. "पन सिस्टर मनात नाव घेतच असन ना. तिच्यासंगं तो आत जाते."

"जाते ना? नक्की?"

"हाव."

"मले नाही जाऊ देलं," काका म्हणाले. "बालाजीचा अंगारा लावीन म्हनलं तं थो पुसून टाकू म्हनतेत. ताईत काढून ठेवा म्हनतेत. आमचं कोनीच आत नाही जाऊ शकत. हाच एक जाते. म्हनून म्हनलं, आधी ओळख करून घ्यावी."

मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. माझ्या सदऱ्याचं टोक पुन्हा त्यांच्या मुठीत गेलं.

रूथबाईनं पुढच्या बाकाकडे बोट दाखवलं. काका बसले, मलाही ओढून बसवलं. हात कसे जोडायचे ते बाईकडे पाहून घेतलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग मला म्हणाले, "तुमी सांगा. इंग्रजीत."

"आमी तं याच भाषेत मांगतो," रूथबाई म्हणाली.

"तुमची ओळख हाय बाई. माही पयली खेप हाय, अन् काम लय मोठं हाय. चूक नाही झाली पाह्यजे." आणि माझ्याकडे वळून, "पोराईले शिकवता ना? सांगा."

मी उभा राहिलो. शाळा तपासायला साहेब आल्यावर राहतो तसा, ताठ. काका खालून एकेक वाक्य सांगत होते, मी वर इंग्रजी करत होतो. आधी नाव झालं. मग गाव, तालुका, जिल्हा, घर मारुतीच्या पाराच्या मागे. मग पेशंटचं नाव. इथे काका थांबले आणि विचारात पडले.

"याले तिले ओळखता आलं पाह्यजे," म्हणाले. "कुकू पुसून टाकतेत. बांगड्या काढतेत. लुगडं काढून हिरवे कपडे घालतेत, अन् तोंडावर नळी लावतेत. तिथं सगळेच सारखे दिसतेत. मी पाह्यलं." जरा वेळानं त्यांचा चेहरा उजळला. "डाव्या हातावर गोंदन हाय. तुळस हाय. थे काढता येत नाही. थे सांगा."

मी तुळशीचं सांगितलं.

"त्याले म्हना भूल देल्यावर तिले उताणी नका ठेवू. तिले कुशीवर झोप लागते." मग स्वतःच म्हणाले, "नाही, छातीचं काम हाय, उताणीच ठेवाव लागन. राहू द्या थे." पुढचं ते अगदी हळू बोलले. "ती भेत नाही असं सगळ्याईले वाटते. ती भेते. आजकाल रात्री माहा हात धरल्याशिवाय तिले झोप नाही लागत. दिवसा कोनाले सांगत नाही. तिथं आत तिचा हात धराले कोनी नाही. सांगा त्याले, एवढं कर. बाकी डॉक्टर करतीन."

हात, धरणे, एकटी, हे सगळे शब्द मी रोज फळ्यावर लिहितो. त्या वेळी मला एकही आठवला नाही. मी समोरच्या क्रूसाकडे पाहिलं आणि मराठीतच म्हणालो, "तिचा हात धरा." माझा आवाज भिंतींवर आपटून परत आला. रूथबाईनं 'आमेन' म्हटलं. काकांनी तिच्याकडे पाहून तेच म्हटलं.

निघताना नारळ त्यांनी रूथबाईलाच देऊन टाकला. कारंज्यापर्यंत काका गाडीतून मागे वळून वळून पाहत होते. मग म्हणाले, "त्या साहेबाच्या बायकोच्या टायमाले दवाई नसन ना आजच्यासारखी?" नव्हती, म्हटलं. "हाव. दवाईच नसन." असं त्यांनी आसेगावपर्यंत चार-पाचदा विचारलं, आणि दर वेळी मी नव्हती म्हणून सांगितलं. त्या दिवशी ट्रक आले नि गेले, एकदाही ते 'ट्रक' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका वावरात गेलेले पाहून काकू भिंतीपाशी आल्या. "काल फवारनीची दवाई आनाले गेलते ना तुमी? दवाई तं दिसली नाही."

मी सारवासारव केली. दुकान बंद होतं, म्हटलं. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "काकू, तुम्हाला धनजकडचं ते चर्च आतून पाहायचंय ना?"

"मले?" काकू हसल्या. "आमी लहानपनी तिथंच बकऱ्या चारत होतो. पोरीपोरी आत लपाछपी खेयत होतो. त्या गरुडाच्या मांग लपाले लय चांगली जागा हाय. काहून?"

"काही नाही, सहज विचारलं."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. भिंतीवर हात टेकून त्यांनी दम घेतला. गोंदलेल्या हिरव्या तुळशीची दोन पानं त्यांच्या बांगड्यांच्या वर दिसत होती.

"गुरुजी, एक काम होतं," त्या म्हणाल्या. "मी आत गेली का हे भाईर एकटेच राह्यतीन. पोरगी माह्या धावपळीत असन. माहं काही नाही, मले भूल देतीन, समजनारही नाही. याईले सगळं समजते ना. तुमी याईच्याजवळ बसजा. काही बोलाची गरज नाही. नुसता हात धरून ठेवजा."

मी हो म्हणालो.

"लाजतीन ते. सोडवून घेतीन. तरी धरजा."

येत्या सोमवारी नागपूरला निघायचं आहे. गाडी मीच चालवणार आहे. खरं सांगतो, मला फार भीती वाटते आहे.